मूकपटांचा शूर नायक : मास्टर विठ्ठल



एकट्याच्या बळावर दहा गुंडांना लोळवणारा नायक पडद्यावर आला की टाळ्या-शिट्ट्यांनी थिएटर दणाणून जाते. हे आजचे नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीने ब्रूस लीचे चित्रपट पाहिले आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत हवेत लाथा झाडल्या. तुम्ही तेच चित्रपट आज मोबाईलवर पाहता आणि घराच्या गच्चीवर त्याच लाथा झाडता. ब्रूस ली 1973 साली वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी हाँगकाँगमध्ये वारला. तरीही त्याचे नाव भिवंडीच्या पोरापोरांच्या तोंडी आहे.

पण ब्रूस लीचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी आपल्याच महाराष्ट्रात असा एक नट होऊन गेला, की ज्याच्या तलवारीचे हात आणि अंगाची चपळाई पाहण्यासाठी लोक गर्दी करीत. हिंदुस्थानच्या पहिल्या बोलपटाचा नायक होण्याचा मानही त्यालाच मिळाला. आणि गंमत अशी, की ज्या दिवशी त्याला हा मान मिळाला त्याच दिवसापासून त्याच्या वैभवाला ओहोटी लागली. त्यांचे नाव मास्टर विठ्ठल. त्यांचे चरित्र आज फारसे कोणी सांगत नाही. मला मात्र ते आपल्या शाळेतील मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना सांगावेसे वाटते. का, ते तुम्हांला शेवटी कळेल.

कोल्हापूरची शाळा

मास्टर विठ्ठल यांचा जन्म 1906 सालचा. त्या काळात गरीब घरच्या हुशार मुलाला नाटक कंपनीत धाडण्याची चाल होती. तिथे दोन वेळचे जेवण मिळे, गाणे, नाचणे, बोलणे, उभे राहणे सारे शिकायला मिळे. विठ्ठल यांचीही सुरुवात लहानपणी नाटक कंपनीतच झाली. पुढे ते कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेले.

वाचकहो, हे कोल्हापूर म्हणजे साधेसुधे गाव नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी तिथे कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, गल्लोगल्ली तालमी उभ्या राहिल्या. पहाटे जोर-बैठका मारणारी, लाठी, फरीगदगा आणि दांडपट्टा फिरवणारी मुले हे तिथले नेहमीचे दृश्य होते. त्याच महाराजांनी 1906 साली, म्हणजे विठ्ठल यांच्या जन्माच्याच वर्षी, कोल्हापुरात मुसलमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी संस्था आणि वसतिगृह उभारण्यास हातभार लावला. शरीर कमवायला तालीम आणि बुद्धी कमवायला शाळा, या दोन्ही गोष्टी त्या राजाने रयतेपुढे एकाच वेळी ठेवल्या. ही जोडी ध्यानात ठेवा. आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

बाबूराव पेंटर हे स्वतः चित्रकार. चित्रीकरणाचा कॅमेरा त्यांनी आपल्या हाताने तयार केला होता. त्यांच्या कंपनीत येणाऱ्या मुलाला एकच काम करून चालत नसे. पडदे रंगवायचे, सामान वाहायचे, फिल्म धुवायची, कापायची, जोडायची आणि वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभे राहायचे. व्ही. शांताराम तिथेच घडले. कागलचे शेख फत्तेलाल तिथेच घडले. हेच फत्तेलाल पुढे विष्णुपंत दामले यांच्या जोडीने ‘संत तुकाराम’ या 1936 च्या चित्रपटाचे दिग्दर्शक झाले आणि त्या चित्रपटाची 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. एका मुसलमान कारागिराच्या हातून तुकोबांचे चरित्र पडद्यावर उतरावे आणि साऱ्या महाराष्ट्राने ते आपले मानावे, ही आपल्या मातीची थोरवी आहे.

विठ्ठल या कंपनीत फिल्म जोडण्याच्या विभागात काम करीत. त्यांचा पडद्यावरचा पहिला प्रवेश मात्र मोठा मजेशीर आहे. 1924 च्या ‘कल्याण खजिना’ या मूकपटात त्यांनी नाचणाऱ्या स्त्रीचे काम केले. त्या काळी चित्रपटात काम करण्यास स्त्रिया सहसा तयार नसत. तेव्हा अंगाने सडपातळ आणि पायाने चपळ असलेल्या मुलांना लुगडे नेसवून उभे करीत. पुढे ज्याच्या मर्दानी रूपावर सारा देश लुब्ध झाला, त्याची सुरुवात अशी घुंगरू बांधून झाली. यात हसण्यासारखे काही नाही. नाच आणि तलवार या दोन्ही कलांचा पाया एकच आहे, तो म्हणजे पायांचा तोल. ज्याचा पाय ठरल्या जागी ठरल्या वेळी पडतो, त्याचाच वार ठरल्या जागी पडतो. कराटे शिकणाऱ्या मुलांना हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत उदय

1925 साली मुंबईत शारदा फिल्म कंपनी निघाली. भोगीलाल दवे आणि नानूभाई देसाई ही तिची कर्ती माणसे. विठ्ठल या कंपनीत आले आणि 1926 च्या ‘रतन मंजरी’मध्ये त्यांना नायकाचे काम मिळाले. तेव्हा त्यांचे वय विशीच्या घरात होते. त्यानंतर चार-पाच वर्षे त्यांनी मागे वळून पाहिले नाही. रजपुतांच्या आणि मराठ्यांच्या शौर्यकथांवर शारदा कंपनी एकामागून एक मारधाडीचे मूकपट काढू लागली. नायक विठ्ठल. घोड्यावरून दौड, किल्ल्याच्या तटावरून उडी, जिन्यावरची तलवारबाजी, आणि शेवटी दुष्टाचा नाश.

मूकपट म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगितले पाहिजे. पडद्यावर माणसांचे ओठ हलत, पण आवाज येत नसे. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत मजकूर असे. ज्यांना वाचता येई ते मोठ्याने वाचीत आणि ज्यांना येत नसे ते ऐकत. पडद्याजवळ पेटी-तबलावाले बसत आणि प्रसंग पाहून वाजवीत. लढाई आली की तबल्याची लय वाढे. म्हणजे मूकपट हा खऱ्या अर्थाने अंगाचा खेळ होता. नटाने काय म्हटले याला किंमत नव्हती, तो कसा धावला, कसा पडला, कसा उठला याला किंमत होती. आणि म्हणूनच एक मराठी नट मद्रासपासून लाहोरपर्यंत कोठेही चालत असे. पडद्याला भाषा नव्हती. तलवार सर्वांना समजत होती.

त्याच सुमारास अमेरिकेचा डग्लस फेअरबँक्स हा नट जगभर गाजत होता. ‘द मार्क ऑफ झोरो’, ‘रॉबिन हूड’ आणि 1924 चा ‘द थीफ ऑफ बगदाद’ हे त्याचे मूकपट हिंदुस्थानातही लोकांनी डोक्यावर घेतले. लोक विठ्ठल यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. आपल्याकडच्या नटाला परदेशी नटाचे नाव देण्याची आपली सवय जुनीच आहे. पण त्यातून विठ्ठल यांची लोकप्रियता किती होती हे कळते. मूकपटांच्या काळात सर्वांत जास्त पगार घेणाऱ्या नटांत त्यांची गणना होई.

करारनामा आणि कोर्ट

1930 साली मुंबईत एक नवे वारे वाहू लागले. इंपीरियल फिल्म कंपनीचे मालक अर्देशीर इराणी यांनी ‘शो बोट’ हा अमेरिकेचा बोलपट पाहिला आणि आपल्या देशातला पहिला बोलपट आपणच काढायचा असा निश्चय केला. गोष्ट निवडली जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी रंगभूमीवरील ‘आलम आरा’ या नाटकाची. पाहा कसा योग होता! निर्माता पारशी, नाटककार बेने इस्रायली यहुदी, नायिका सुरतेजवळच्या सचिन संस्थानच्या नवाबाची कन्या जुबेदा, सेनापतीच्या कामाला पेशावरकडून आलेले पृथ्वीराज कपूर, फकिराच्या कामाला वझीर महंमद खान, आणि नायक कोल्हापूरच्या तालमीत घडलेला मराठी माणूस. मुंबई शहराचे खरे रूप हेच होते.

नायकाच्या कामासाठी आधी मेहबूब खान यांचे नाव पुढे आले होते. गुजरातेतून नशीब काढायला आलेला, शाळा फारशी न शिकलेला, इंपीरियलमध्ये किरकोळ कामे करणारा हा तरुण. ‘अलीबाबा’च्या मूकपटात तो चाळीस चोरांपैकी एक होऊन रांजणात बसला होता. पण पहिल्या बोलपटाचा डाव मोठा. त्यात पैसा गुंतलेला. म्हणून नवख्या माणसाऐवजी नावाजलेला नायक घ्यायचे ठरले आणि मेहबूब यांचे काम विठ्ठल यांच्याकडे आले.

इथे अडचण उभी राहिली. विठ्ठल हे शारदा कंपनीशी कराराने बांधलेले होते. ते दुसऱ्या कंपनीत चालले असे पाहताच शारदाने करारभंगाचा दावा ठोकला. देशातील पहिल्या बोलपटाचा नायक तोंड उघडण्यापूर्वीच कोर्टात उभा राहिला. तेथे विठ्ठल यांची बाजू त्या काळचे मुंबईचे नामांकित वकील बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी मांडली आणि विठ्ठल यांच्या बाजूने निकाल लागला, अशी नोंद आपल्या चित्रपटसृष्टीच्या इतिहासात आहे.

विद्यार्थ्यांनो, या प्रसंगावर जरा थांबा. दहा जणांना तलवारीने लोळवणारा वीर एका कागदापुढे लाचार झाला. त्याला सोडवले ते कायद्याच्या शिक्षणाने. आपल्याकडे किती घरे अशी आहेत की जिथे कर्ता पुरुष कागद न वाचता सही करतो किंवा अंगठा उठवतो! यंत्रमागाच्या भाड्याचा कागद असो, जमिनीच्या विक्रीचा असो की गोदामाच्या नोकरीचा असो, वाचल्याशिवाय सही करू नये. आणि वाचता यावे म्हणून शिकावे.

रात्रीची शूटिंग

आता ‘आलम आरा’ तयार कसा झाला ते ऐका. इंपीरियलचा स्टुडिओ ग्रँट रोडजवळ रेल्वेच्या रुळांलगत होता. मूकपटाच्या वेळी शेजारून गाडी गेली तर काही बिघडत नसे. बोलपटाला मात्र तोच खडखडाट मुळावर आला. आवाज रोखणाऱ्या भिंती नव्हत्या. दिवसभर दर काही मिनिटांनी गाडी धावायची. तेव्हा शेवटची गाडी गेली की रात्री एकच्या सुमाराला काम सुरू करायचे आणि पहाटेची पहिली गाडी येण्याआधी बंद करायचे, असा क्रम ठरला. ज्यांची झोप यंत्रमागांच्या आवाजात झाली आहे, त्या भिवंडीकरांना ही अडचण लवकर समजेल.

ध्वनिमुद्रणाचे यंत्र परदेशातून आणले होते. चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटत. आजच्यासारखा मागाहून आवाज भरण्याची सोय नव्हती. गाणे असले तर गाणारा कॅमेऱ्यापुढे गाई आणि पेटी-तबलावाले दृष्टीआड बसून वाजवीत. आवाज टिपणारे माइक कपड्यांत, झाडाझुडपांत, सामानाच्या आड लपवावे लागत. म्हणून नटाने माइकजवळ उभे राहून, मान फारशी न वळवता, ठरल्या शब्दांत, स्पष्ट बोलले पाहिजे, असा नवा कायदा झाला.

विठ्ठल यांची कोंडी इथे झाली. त्यांची सारी कला हालचालीत होती आणि आता त्यांना एका जागी उभे राहायचे होते. आजवर त्यांनी शरीराने भाषण केले होते आणि आता त्यांना जिभेने बोलायचे होते. त्यातही बोलायचे होते ते मराठीत नव्हे, तर उर्दूच्या वळणाच्या हिंदुस्थानीत. शहजाद्याच्या तोंडी शोभेल असा लहजा त्यांच्या जिभेवर बसेना. ज्या पल्लेदार वाक्यांवर पारशी रंगभूमीचे प्रेक्षक फिदा होत, ती वाक्ये त्यांच्या तोंडून निघेनात.

मग तोड काढण्यात आली. कथेतला शहजादा कमर हा एका जादूच्या हारामुळे दिवसा मृतवत पडून राहतो आणि हार उतरला की रात्री जागा होतो. या कथेचा आधार मिळाला. नायकाचे बोलणे कमी करण्यात आले आणि तो बराच काळ बेशुद्ध किंवा गुंगीत असल्याचे दाखवण्यात आले. म्हणजे हिंदुस्थानच्या पहिल्या बोलणाऱ्या चित्रपटाचा नायक त्या चित्रपटात बोलला फारच थोडे! याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

14 मार्च 1931 रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात ‘आलम आरा’ लागला. गर्दी इतकी लोटली की पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले असे सांगतात. वझीर महंमद खान यांनी फकिराच्या रूपात गायिलेले गाणे घरोघरी पोहोचले. आपल्या चित्रपटातले पहिले गाणे म्हणून आजही तेच सांगितले जाते. पडद्यावरची माणसे बोलतात, गातात, हे पाहून लोक वेडे झाले. पुढे ते मॅजेस्टिक थिएटर पाडले गेले. चित्रपटाची एकही प्रत आज शिल्लक नाही. काही छायाचित्रे आणि जाहिराती एवढेच हाती राहिले आहे.

बोलपटांनंतर

पुढच्या तीन-चार वर्षांत मूकपट बंद पडले. त्यांबरोबर कितीतरी नट-नट्यांची कारकीर्द बुडाली. कुणाचा आवाज चिरका निघाला, कुणाला गाता येईना, कुणाला भाषा येईना. खुद्द अमेरिकेत डग्लस फेअरबँक्सचेही तेच झाले. बोलपट आल्यावर त्याची चलती ओसरली आणि 1934 नंतर तो पडद्यावरून दूर झाला.

मात्र याच इंपीरियल कंपनीत दुसरे एक उदाहरण घडले, ते मुद्दाम सांगतो. रुबी मायर्स नावाची पुण्याची यहुदी मुलगी टेलिफोन ऑपरेटरचे काम करीत होती. सुलोचना या नावाने ती मूकपटांची राणी झाली. बोलपट आला तेव्हा तिलाही हिंदुस्थानी येत नव्हते. तिने काय करावे? तिने सरळ काम थांबवले, वर्षभर भाषेचा अभ्यास केला, उच्चार घोटले आणि 1932 साली ‘माधुरी’ या बोलपटातून परत आली. लोकांनी तिला पुन्हा डोक्यावर घेतले. पुढे 1973 सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला.

आणि ज्या मेहबूब यांच्या हातून नायकाचे काम निसटले, त्यांचे काय झाले? ते रडत बसले नाहीत. शाळेत न मिळालेले शिक्षण त्यांनी कामातून मिळवले, कॅमेऱ्यामागची विद्या पाहून पाहून आत्मसात केली आणि दिग्दर्शक झाले. 1957 चा ‘मदर इंडिया’ त्यांचाच. वांद्र्याला त्यांच्या नावाचा स्टुडिओ त्यांनीच उभारला.

विठ्ठल यांच्यावर मात्र अन्याय करू नका. ते आळशी नव्हते. त्यांच्या नावाभोवती जो बाजार उभा राहिला होता त्याने त्यांना थांबू दिले नाही, हे खरे. एक चित्रपट संपला की दुसरा, दुसरा संपला की तिसरा. यशाच्या भरात असलेल्या माणसाला पुन्हा वर्गात बसण्याची गरज वाटत नाही आणि गरज वाटते तेव्हा वेळ निघून गेलेली असते. तुमच्या-माझ्यापैकी कितीजण त्यांच्या जागी वेगळे वागले असते?

पुढे विठ्ठल आपल्या मायबोलीकडे वळले. मराठी बोलपटांत, विशेषतः इतिहासावरच्या चित्रपटांत, त्यांना काम मिळत राहिले. भालजी पेंढारकर यांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये त्यांनी काम केले. प्रभातच्या 1944 च्या ‘रामशास्त्री’तही ते दिसले. मराठीत त्यांची जीभ अडखळत नव्हती. पण आता ते नेहमीच नायक नसत. कधी सरदार, कधी सैनिक, कधी एखादे लहानसे पात्र. ज्याच्या नावावर एके काळी तिकिटे खपत, त्याचे नाव आता पाटीवर खाली कुठेतरी येऊ लागले. तरी त्यांनी काम सोडले नाही. मूकपटापासून धरले तर सुमारे चाळीस वर्षे ते कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. 1969 साली ते वारले.

त्यांचे गाजलेले मूकपट आज आपल्याला पाहायला मिळत नाहीत. देशात सुमारे तेराशे मूकपट निघाले असावेत. त्यांपैकी जेमतेम तीसेक शिल्लक आहेत. ती फिल्म लवकर पेट घेणारी, लवकर कुजणारी. काही जळाल्या, काही कुजल्या, काही त्यांतली चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. ज्या शरीरावर लोक भाळले ते शरीर गेले आणि ज्या फिल्मवर ते उमटले ती फिल्मही गेली.

आपल्यासाठी धडा

पालकहो, आता या चरित्राचे आपल्याशी काय नाते आहे ते सांगतो.

आपल्या भागाने असेच बदल पाहिले आहेत. भिवंडीत आधी हातमाग होते. ज्याचा हात सफाईचा तो मोठा कारागीर. मग यंत्रमाग आले आणि हाताच्या सफाईची किंमत उतरली. आता यंत्रमागांचेही दिवस पहिल्यासारखे राहिले नाहीत. दापोड्याच्या ज्या शेतांत भात पिकत होते तिथे मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. त्या गोदामांत नुसते ओझे उचलणारा माणूस आणि संगणकावर मालाची नोंद करणारा माणूस यांच्या पगारात किती अंतर आहे, ते तुम्ही रोज पाहता. ज्याच्या अंगात ताकद आहे त्याला काम मिळते. पण ज्याला वाचता, लिहिता आणि चार माणसांत बोलता येते तो वर चढतो. काळ बदलला की कालची कला आज पुरत नाही. विठ्ठल यांची तलवार बोथट झाली नव्हती. माइक मात्र त्यांच्या तलवारीचा आवाज मागत नव्हता, शब्दांचा आवाज मागत होता.

आणि भाषेविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. विठ्ठल मराठी होते आणि त्यांना उर्दूच्या वळणाची हिंदुस्थानी जमली नाही, म्हणून पहिल्या बोलपटाचा नायक गुंगीत झोपून राहिला. आज आपल्या कितीतरी मुलांचे नेमके उलटे होते. घरात उर्दू किंवा कोकणी, शाळेत उर्दू. गल्लीच्या बाहेर पडल्यावर मात्र तहसील कचेरीत मराठी, पोलीस ठाण्यात मराठी, नोकरीच्या परीक्षेत मराठी आणि इंग्रजी. मुलगा हुशार असतो, हिशेबात पक्का असतो, पण मुलाखतीला बसला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. साधा अर्ज लिहायचा तर तो दुसऱ्याकडे जातो. आपल्या अंगचे गुण जगासमोर मांडायला शब्द नसले म्हणजे जागा असूनही माणूस पडद्यावरच्या त्या शहजाद्यासारखा निपचित पडून राहतो.

म्हणून मी असे म्हणत नाही की उर्दू सोडा. आपली भाषा ही आपली इज्जत आहे. त्या जुन्या मुंबईत एका पारशाने, एका यहुद्याने, एका मराठी माणसाने आणि अनेक मुसलमान कलावंतांनी मिळून जे घडवले ते उर्दूच्या गोडव्यावरच उभे राहिले. सांगणे इतकेच, की तिच्या जोडीला मराठीही अशी शिका की बोलताना अडखळायला होऊ नये. इंग्रजीही शिका. सुलोचनाने वर्षभर राणीपद बाजूला ठेवून विद्यार्थिनी होणे पत्करले, तसे तुम्हीही एखादा तास खेळाचा कमी करून भाषेला द्या. मुलींनो, हे तुम्हांलाही तितकेच लागू आहे; उदाहरण तर तुमच्यातल्याच एकीचे आहे.

आणि कराटेच्या वर्गाला जरूर जा. जोर-बैठका मारा, कबड्डी खेळा, पोहा. शरीर धडधाकट असेल तर मन धडधाकट राहते. विठ्ठल यांची ताकद आणि त्यांची मेहनत घ्या. आयुष्याच्या उतरणीला लहान काम करतानाही त्यांनी कमीपणा मानला नाही, तो गुणही घ्या. पण शाहू महाराजांनी तालमीबरोबर वसतिगृहही उभे केले होते, हे विसरू नका. सकाळी आखाडा आणि संध्याकाळी पुस्तक, अशी जोडी ज्याने जमवली, त्याच्यावर काळ कितीही बदलला तरी निपचित पडून राहण्याची पाळी येत नाही.

पालकहो, आज रात्री जेवणाच्या वेळी तुमच्या मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा आणि शाळेच्या पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचायला सांगा. एक दिवस उर्दू, एक दिवस मराठी, एक दिवस इंग्रजी. उच्चार चुकला तर रागावू नका. पुन्हा वाचायला सांगा. तुम्हांला स्वतःला वाचता येत नसेल, तरी नुसते ऐका. ज्या घरात रोज एक पान मोठ्याने वाचले जाते, त्या घरातले मूल वेळ आली म्हणजे मुके राहत नाही.